इराचा प्रोग्राम आणि सरळ समास

पंचवटी, नाशिक
शुक्रवार

चि. देवव्रत यास वेणीमाधवाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या कमरेचा पट्टा सुटला का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल कोणी नाही. इरा माझ्याशी बोलत नाही आणि तुझी बहीण श्यामला बोलते, त्यापेक्षा न बोललेलं बरं. (फोनच केला असता, पण श्यामलाचे कान तुला ठाऊक आहेत. म्हणून हे हाताने लिहून, फोटो काढून पाठवतोय.)

झालं असं, की सोमवारी आपल्या इराची शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. द्राक्षबागेत आज फवारणी करावी की नाही, हे हवामान बघून सांगणारा प्रोग्राम पोरीनं वर्षभर खपून लिहिला. आता प्रोग्राम चालवून बघावा की नाही माणसानं? नाही! कॉलेजला तो अथपासून इतिपर्यंत कागदावर छापून, काळ्या पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी अक्षरं ठोकून हवा. (परीक्षक हातात घेऊन नुसतं वजन बघतात म्हणे.) तिला मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचं होतं. माझ्या हाती पेन ड्राइव्ह देऊन म्हणाली, बाबा, एडिटरमध्ये उघडा, अक्षर जरा बारीक करा आणि छापून आणा. बाकी कशाला हात लावू नका. हे शेवटचं मी ऐकलं होतं. नाही कशाला म्हणू?

पण फाइल उघडली आणि जीव कळवळला रे! काय तो गबाळेपणा! एक ओळ कडेला, दुसरी चार बोटं आत, तिसरी पार पानाच्या मध्यावर जाऊन बसलेली. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पोथ्या लिहिल्या, पान या काठापासून त्या काठापर्यंत भरलं नाही तर आजोबा पुन्हा लिहायला लावत, त्या घरची मुलगी हे परीक्षकापुढे ठेवणार? बसलो. एकेक ओळ ओढून डाव्या समासाला लावली. मधल्या रिकाम्या ओळी काढल्या (कागद काय फुकट येतो?). सर्वांत वर '॥ श्री ॥' घातलं. त्याशिवाय आमच्याकडे वाणसामानाची यादीसुद्धा सुरू होत नाही. सेव्ह केलं, छापून आणलं. झेरॉक्सवाला धोंडीराम म्हणाला, काका, असं चोपून बसवलेलं काम आजवर पाहिलं नाही.

इरानं ते पाहिलं आणि मटकन खाली बसली. प्रोग्रामच्या त्या भाषेत म्हणे ओळीआधीची मोकळी जागाच सगळं सांगते, कुठली आज्ञा कुणाच्या पोटात ते. जागा गेली की प्रोग्राम मेला. मी म्हटलं, एवढंच ना, देतो परत सरकवून. श्री काढलं (मनात क्षमा मागून) आणि ओळी अंदाजानं सरकवल्या. आता तो चालतो, पण बाहेर धो धो पाऊस असला तरी 'फवारा' एवढंच सांगतो. पोरीचं वर्ष मी बुडवलं रे, देवव्रत.

तुझा हतभागी मेहुणा,
वेणीमाधव

ता.क. इरानं मागे ही फाइल तुला बघायला धाडली होती ना? असेल तर गुपचूप मला पाठव. माझं नाव कुठे नको.

ता.क. दुसरा. माझ्या फोनवर फोटो धूसर येतो म्हणून इराचा फोन मागितला (हो, हीच अक्कल), आणि तिनं पत्र वाचलं. हसून हसून भिंतीला टेकली. खरी फाइल तिच्या लॅपटॉपवर शाबूत आहे. मला दिली ती 'बाबांसाठी' म्हणून आधीच काढून ठेवलेली वेगळी प्रत. तिची आई म्हणाली जरा घाबरू दे त्यांना, म्हणून इरा गप्प होती. सुटलो एकदाचा! मग बसल्या बसल्या आठवलं, ही तीन वर्षांची असताना खऱ्या पूजेत हात घालू नये म्हणून मी तिला शेजारी वेगळं पळी-पंचपात्र द्यायचो. फार मनापासून पूजा करायची बिचारी.

ता.क. शेवटचा. तू फाइल पाठवू नकोस. फक्त इराला फोन करून सांग, की खरी फाइल छापायला बाबांनाच पाठव. उघडून बघणार नाही, तुझ्या बहिणीची शपथ.