निकिताची चाळिसावी फेक

लोहारा, १२ जुलै २०२४

ती. स्व. चारूआत्यास भैरवीचा सा. न.

तुमच्या कानांनी फोनला रामराम ठोकल्यापासून मला पत्र लिहायची सवय लागली, हे एक बरं झालं. शाळेनं मुलींचा बेसबॉल संघ माझ्याकडं दिलाय. मुली बावीस, बॅटी दोन, वेळ एक तास. एकजण मारते, बाकीच्या रांगेत गप्पा हाणतात. आठवड्यात पाचजणी गळाल्या. सातवीतली निकिता मात्र असा चेंडू टाकते की बघत राहावं, म्हणून सगळा तास तीच टाकते. तुम्ही तीस वर्षं खेळ शिकवलात, काहीतरी सुचवा.

लोभ आहेच, तो राहू द्या.
भैरवी

तुळजापूर, १९ जुलै

चि. भैरवीस अनेक आशीर्वाद.

बेसबॉल मला कळत नाही, पण उभी पोर कंटाळते एवढं कळतं. चार गट कर. बॅट, झेल, पळणं, नेम धरून फेकणं. दहा मिनिटं झाली की शिट्टी मार आणि जागा बदल. शेवटची वीस मिनिटं आपसात सामना. तो बुडाला तर पोरी दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आणि निकिताच्या फेकी मोज. चाळीस झाल्या की थांबव, मग कुणी काही म्हणो.

जेवणखाण वेळेवर कर.
तुझी आत्या

लोहारा, ३० सप्टेंबर

ती. स्व. आत्यास सा. न.

गळालेल्या पाचही परतल्या, वर तिघी नव्या आल्या. परवा धाराशिवला सामना झाला. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढं होतो आणि निकिताची चाळिसावी फेक पडली. मी तिला थांबवून चेंडू दुसऱ्या फेकणाऱ्या हर्षालीकडं दिला. मुख्याध्यापक अमरसिंह सर उठून उभे राहिले, आता दोनच गडी राहिलेत म्हणाले. निकिता रडत म्हणाली, "मॅडम, माझा हात दुखत न्हाय." मी ऐकलं नाही. हर्षालीच्या चेंडूंवर दोन धावा गेल्या, आम्ही हरलो. परतीच्या जीपमध्ये निकिता माझ्याकडं पाठ करून बसली. माझं चुकलं का?

भैरवी

तुळजापूर, ६ ऑक्टोबर

चि. भैरवीस अनेक आशीर्वाद.

नाही चुकलं. तुला कधी सांगितलं नाही, ते सांगते. माझ्या शाळेत शेवंता नावाची पोर गोळा फेकायची. विभागाच्या स्पर्धेआधी खांदा दुखतो म्हणाली. ढाल आली की विश्रांती घे, म्हणाले मी. ढाल आली. आज तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, लेक घालते. भेटली की माझ्या पाया पडते, आणि मला वर बघवत नाही.

तू सरांपुढं, रडत्या पोरीपुढं, भरल्या मैदानापुढं ठाम राहिलीस. मला एका ढालीपुढं राहता आलं नाही. लई अभिमान वाटला गं.

हे पत्र निकिताला वाचायला दे. शेवंताला विचारूनच लिहिलंय.

माया आहेच.
तुझी आत्या