दोन चुंबळी

॥ श्री ॥
सावरतळे, १२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. कौशल्याआत्यास तेजलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तुमच्या बबनदादांची धाकटी मुलगी. घरात तुमचं नाव निघत नाही, पण थेरगावचा पत्ता शेजारच्या भागूबाईंनी दिला. त्या अजून ठणठणीत आहेत आणि भिंतीला कान लावायची सवयही शाबूत आहे. फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून हे पत्र.

शाळेच्या पंच्याहत्तरीला गावाचा इतिहास-भूगोल छापायचा म्हणून गुरुजींनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. भूगोल मला सोपा वाटला. पश्चिमेला डोंगर, मध्ये तळं, पूर्वेला मातीचा बांध, बांधाखाली गाव, गावाखाली काळी रानं. आता रानांच्या पलीकडे चाकणच्या कंपन्यांचे पत्रे चमकतात. इतिहासाला हात घातला आणि डोक्याचा भुगा झाला. तळं कुणी म्हणतं सरदारीणबाईंनी बांधलं, कुणी म्हणतं लमाणांनी बैलांसाठी, कुणी म्हणतं दुष्काळी कामावर. भैरूनाना, जे पाटाला पाणी सोडायचे, ते म्हणतात तळं आधीच होतं, गाव मागनं आलं. मग बांध कुणी घातला, असं विचारलं तर म्हणाले, लेकींनी.

तेवढ्या एका गोष्टीवर गावाचं एकमत आहे. लग्न होऊन जाणारी लेक माहेरच्या अंगणातली पाटीभर माती बांधावर टाकते आणि मगच शीव ओलांडते. पाटी तिच्या डोक्यावर चढवायचा मान आत्याचा. माझं लग्न मे महिन्यात ठरलंय. मुलाचं नाव गोरक्ष, चाकणला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट बघून मुहूर्त काढावा लागला. तेव्हा खरं विचारायचं ते विचारते. माझी पाटी चढवायला तुम्ही याल का?

भागूबाई म्हणतात तुम्ही येणार नाही, कारण तुम्ही पाटी न टाकताच आळंदीला जाऊन लग्न लावलंत आणि म्हणून त्या पावसाळ्यात बांध फुटला. भैरूनाना म्हणतात बांध आधी फुटला, तुम्ही नंतर गेलात. बाबांना विचारलं तर ते मान खाली घालून जेवत राहिले. खरं काय धरायचं ते मला समजेना.

लहान तोंडी मोठा घास घेतलाय, तो पोटात घाला आणि उत्तर धाडा.

आपली भाची,
तेजल


॥ श्री ॥
थेरगाव, २४ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सावरतळ्याचं नाव वाचलं आणि पिठाचे हात धुवायचंही सुचलं नाही. तुझ्या पत्राला अजून कणीक चिकटलेली आहे. पण आत्याला कुणी अहो-जाहो करतं होय गं? फोनचं म्हणशील तर मला त्यात धड ऐकू येत नाही, शिवाय माझा मुलगा धनेश शेजारी बसून खाणाखुणा करतो. तू आपलं पत्रच लिहीत जा.

तुझा भूगोल चुकलाय. आपल्या उंबऱ्यात उभं राहिलं की सकाळी पाणी दिसायचं, मला चांगलं आठवतं. घर बांधाखाली असतं तर पाणी कसं दिसलं असतं? का मीच दुसऱ्या कुणाचा उंबरा आठवतेय? इतकी वर्षं झाली की माणूस स्वतःच्याच घराची वाट चुकतं.

आता बांधाचं. मी गेले तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या. आमचे हे, सोपानराव, मराठवाड्यातून पिंपरीला कामाला आलेले. त्यांचं नाव घरात काढलं तर दादाने दोन दिवस भाकरी खाल्ली नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी मी आळंदी गाठली. पुढे तिथल्याच एका फुलवालीने सांगितलं की सावरतळ्याचा बांध फुटला, माणसं वाचली पण बबनरावांचं पेरलेलं रान धुऊन गेलं. कधी फुटला हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्या मनाने तेव्हाच ठरवून टाकलं की माझ्यामुळेच. अजून जोराचा पाऊस लागला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. इथे डांगे चौकात कुठलं आलंय तळं, असं म्हणून हे हसतात. मला हसू येत नाही.

यावंसं फार वाटतं गं. पण जिने आपली पाटी टाकली नाही तिने दुसरीची उचलावी का? आणि दादाने बोलावल्याशिवाय मी त्या घराची पायरी चढणार नाही. तुझ्या इतिहासात एवढं मात्र शोध, आधी काय झालं ते. मला ते कळायला हवं आहे.

हा लोभ फार उशिरा लागला, त्याला जप.

तुझी,
कौशल्याआत्या


॥ श्री ॥
सावरतळे, २ मे २०२५

ती. आत्यास तेजलचा सा. न. वि. वि.

शोधायला गेले आणि आणखी गुंतले. भागूबाई आणि भैरूनानांना समोरासमोर बसवलं. बांध फुटला तो गावात वीज आली त्या साली, यावर दोघं एक झाले. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मग निघालं की भागूबाई खांब आले ते साल धरतात आणि नाना दिवा लागला ते साल धरतात, आणि खांब नुसतेच कितीतरी वर्षं उभे होते. तू खांबांच्या आधी गेलीस की नंतर, यावरून दोघं भांडून उठले. चहा तसाच राहिला. तुझ्या उंबऱ्यातून मीही सकाळी पाहिलं. पाणी दिसत नाही, नुसता बांध दिसतो.

पण आज लिहितेय ते बाबांमुळे. तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा ओट्यावरच होते. परवा त्यांनी गोठ्यामागची माती चाळून माझी पाटी भरून ठेवली. आईने डोक्यावर पाटीखाली ठेवायला कापडाची चुंबळ वळून दिली. माझी चुलत आत्या सुमनताई, पाटी चढवायला मी आहेच की, म्हणत आली आणि वजन बघायला तिने हात घातला, तर बाबांनी तिला पाटीला हातच लावू दिला नाही. ती फणकाऱ्याने निघून गेली. मग चढवणार कोण, असं आईने विचारलं, तर ते गोठ्याकडे निघून गेले. वर संध्याकाळी आपला जुना फेटा फाडून ते दुसरी चुंबळ वळत बसले. म्हटलं, बाबा, आईने केलीय. ऐकलंच नाही. आता पाटी एक आणि चुंबळी दोन. लेकीच्या लग्नाने त्यांचं डोकं फिरलं असं आई म्हणते. मला तर भीती वाटते की ते मला पाटी टाकूच देणार नाहीत. पाटी न टाकता गेले तर पहिल्या पावसात मीही गॅलरी शोधत बसेन.

काही सुचत असेल तर कळव. माया आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
तेजल


॥ श्री ॥
थेरगाव, ७ मे २०२५

चि. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

वेडे, एका डोक्यावर दोन चुंबळी बसत नाहीत.

दादा लहानपणापासून असाच. भूक लागली म्हणून कधी सांगायचा नाही, पाट मांडून बसायचा. मग आई वाढायची. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तो पाटच दिसला. यांनाही वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, बाई, तो काही तोंडाने बोलावणार नाही, आणखी किती वाट बघायची?

मी विचारलं त्याचं उत्तर काही मिळालं नाही. राहू दे. लग्नाच्या आदल्या दिवशी येते, हे आणि धनेशही येतील. दादाच्या समोर यांना कुठे बसवायचं ते तू ठरव. कोणती साडी नेसावी, काय बोलावं, काही म्हणता काही सुचत नाही. माझा समज चुकला असेल तर दारातूनच माघारी येईन, पण चुकला नसावा.

पाटी जरा हलकी भरायला सांग. आता मान पूर्वीची राहिली नाही.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
चाकण, २६ मे २०२५

ती. आत्यास तेजलचा सासरहून पहिला नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. यांची रात्रपाळी चालू आहे, त्यामुळे नवरा फोटोतच जास्त दिसतो. तू त्या दिवशी पदर डोळ्यांना लावून होतीस, म्हणून जे तुला नीट दिसलं नसेल ते लिहिते.

तू उंबऱ्यात उभी राहून पाणी शोधत होतीस. बाबा माझ्याशी बोलल्यासारखं करून म्हणाले की फुटल्यावर बांध उंच केला, आपलं घर चढावर, त्यामुळे त्याआधी पाणी दिसायचं. म्हणजे तुझा भूगोल बरोबर होता आणि माझाही. बांधावर तू माझी पाटी चढवलीस तेव्हा नियम सांगायला कुणीच मोकळं नव्हतं. भागूबाई एका टोकाला हात करून बांध तिथे फुटला म्हणत होत्या आणि भैरूनाना दुसऱ्या टोकाला. मग बाबांनी झाडामागून दुसरी पाटी काढली. ती त्यांनी कधी भरली, आईलाही माहीत नव्हतं. तुला पाटी चढवायला तुझी आत्या नाही, हे भागूबाईंच्या तोंडून निघेपर्यंत त्यांनी स्वतःच फेट्याची चुंबळ तुझ्या डोक्यावर ठेवली आणि पाटी उचलली. तू माती कुठे टाकू म्हणून विचारलंस, तर त्यांनी तुझ्या पायाखालीच बोट दाखवलं. तिथे बांध फुटला होता की नव्हता, देव जाणे. परत येताना ते सोपानमामांच्या बरोबरीने चालत होते.

तुम्ही गेल्यावर, माझी पाठवणी व्हायच्या आधी, ते ओट्यावर बसून त्या चुंबळीची माती झटकत होते. मी म्हटलं, बाबा, पुस्तक छापायला द्यायचंय, आता तरी सांगा, आधी काय झालं. त्यांनी चुंबळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, “बांध आधी फुटला का कौशी आधी गेली, मला बी आता आठवत न्हाई. ते नगं लिवू. कौशी आली, येवढं लिव्ह.”

तेवढंच लिहिलंय. पावसाळ्यात माहेरी येशील तेव्हा मलाही बोलाव.

तुझी,
तेजल