बरणीतला हायड्रोजन

ती. भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी की आत्ताच गाडीखाली आडवा पडून, वरपासून खालपर्यंत ग्रीस माखून उठलोय. हात धुतलेत, तरी कागदावर डाग दिसले तर माफ करा.) वि. वि. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का, की तुमच्या नव्या धंद्याच्या गप्पा ऐकून वाढला? आमच्याकडे सगळे ठीक. आईची तब्येत उत्तम आहे, किंबहुना काळजी वाटावी इतकी उत्तम आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही गेल्या खेपेला आलात आणि चहा गार होऊ देऊन माझ्या शिकवणीच्या गाडीत ते हायड्रोजनचं किट बसवून गेलात. किट म्हणजे काय, तर बॉनेटखाली एक काचेची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात दोन पत्रे आणि बॅटरीपासून आलेली वायर. विजेने पाण्याचे बुडबुडे होणार, बुडबुड्यांचा गॅस नळीतून इंजिनात जाणार आणि पेट्रोल निम्मं लागणार, असं तुम्ही हात नाचवून सांगितलंत. (आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या माणसाला एके दिवशी पाण्यावर गाड्या पळवाव्याशा वाटणं समजू शकतो.) आणि निम्म्या गावाला गाडी शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाने 'फरक पडतो' असा दाखला दिला, की तुम्ही नोकरी सोडून त्या किटाच्या कंपनीची एजन्सी घेणार. ताईचा फोन आला होता. राजीनामा लिहून तयार आहे, तो तुमच्या निळ्या शर्टाच्या खिशात आहे, आणि तुम्ही तो शर्ट धुवायला टाकू देत नाही, असं ती म्हणाली. एवढं बोलून ती गप्प झाली. ताई फोनवर गप्प झाली म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी हे काम मनावर घेतलं.

सुरुवातीला, भाऊजी, मी तुमचा भक्तच झालो होतो. ॲव्हरेज वाढलं. थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं. मी दाखल्यासाठी जाड कागदसुद्धा आणला. खटकत होता तो फक्त आवाज. सिग्नलला गाडी उभी राहिली, इंजिन मंद झालं, की बॉनेटखालून ऐकू यायचं, बुड बुड बुड, मग जरा थांबून पुन्हा बुड बुड. हा आवाज कुठे ऐकलाय, हे आधी लक्षात येईना. एका सिग्नलला ते लक्षात आलं आणि हिरवा दिवा लागून पुन्हा लाल झाला तरी मी जागचा हललो नाही. मागचे लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. (गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी असल्यामुळे त्यांचा विश्वास बसत होता.) तो आवाज बाबांच्या उशाशी ऑक्सिजनच्या नळीला लावलेल्या पाण्याच्या बाटलीचा होता. शेवटी शेवटी त्या बाटलीत पाणी तुम्हीच भरायचात, तेव्हा तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. बुडबुडे चालू आहेत म्हणजे बाबा आहेत, एवढंच तेव्हा आपल्याला कळायचं.

मी मनाला म्हटलं, पाण्यातून हवा गेली की असाच आवाज येणार, त्यात काय एवढं. पण मग ब्रेकचं सुरू झालं. तुम्हाला माहीत आहेच, शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही खाली जातो. त्या सीटवर बाबा बसायचे. मी शिकत होतो तेव्हा जरा वेग वाढला की माझ्या पायाखालून ब्रेक अलगद सरकायचा आणि बाबा समोर बघत म्हणायचे, "पाय हलका." ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. तर परवा मी एकटाच चाललो होतो, शेजारची सीट रिकामी, मोकळा रस्ता बघून जरा जोर दिला, आणि माझ्या पायाखालून ब्रेक अलगद सरकला.

मी केबल तपासली, तेल तपासलं, गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, काही नाही, तुम्ही थोडी विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी शिकवणीला आपली दाताची डॉक्टरीण होती. (हातात पक्कड घेतल्यावर न कापणारी ही बाई स्टीअरिंग धरलं की थरथर कापते.) वळणावर ती वैतागून म्हणाली, "सर, मला दिसतंय हो! तुम्ही सारखा ब्रेक का दाबता?" भाऊजी, त्या क्षणी मी सीटवर मांडी घालून बसलो होतो. मी पाय वर घेऊन तिला दाखवले. तिने पायांकडे पाहिलं, खाली ब्रेककडे पाहिलं, आणि उरलेला रस्ता इतकी सुरेख गाडी चालवली की विचारू नका.

घरी येऊन मी सगळं सौ.ला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात कशालाही 'असेल बाई' म्हणून सुटका नसते. तिने आधी मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं झापलं. पाणी फोडायला वीज लागते, वीज इंजिन फिरून तयार होते, इंजिन पेट्रोलवर फिरतं, मग पेट्रोल जाळून बुडबुडे काढायचे आणि त्या बुडबुड्यांनी पेट्रोल वाचवायचं, म्हणजे आपल्याच ताटातलं काढून आपल्यालाच वाढायचं आणि वर ढेकर द्यायचा. वाटेत सांडतं ते वेगळंच. मी म्हटलं, पण ॲव्हरेज वाढलंय त्याचं काय? तेव्हा ती म्हणाली, परीक्षा घेऊ. टाकी काठोकाठ भरायची, रोज तोच रस्ता, चाकांत तेवढीच हवा, आणि फिरून आल्यावर पुन्हा काठोकाठ भरून किती पेट्रोल बसलं ते बघायचं. किट चालू की बंद हे ती ठरवणार, आणि मला कळू देणार नाही. बॉनेटला तिने कुलूपच घातलं.

मी इमानदारीने फिरलो. आवाज रोज येत होता, ॲव्हरेज रोज उत्तम होतं. शेवटी मी विजयी मुद्रेने विचारलं, यातले कोणते दिवस चालू होते? सौ. हसली. म्हणाली, एकही नाही. वायर तिने पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती, तिच्या शिवणाच्या डब्यात होती. वर म्हणाली, तू नवं खेळणं मिळाल्यापासून कौतुकाने हळू चालवतोस, एकदम जोर देत नाहीस, एकदम थांबत नाहीस, चाकांतली हवासुद्धा कधी नव्हे ती बघतोस, म्हणून पेट्रोल वाचतं, बरणीचा काही संबंध नाही. कंपनीच्या जाहिरातीतले समाधानी लोकही खोटं बोलत नसतील, त्यांचंही असंच झालं असेल. हे सगळं मला पटलं. फक्त मी विचारलं, वायर डब्यात होती, तर मग बुडबुडे कसले?

लग्नानंतर पहिल्यांदाच सौ. स्वतःचं उत्तर तपासायला उठली, डबा उघडून वायर पाहिली आणि कुलपाची किल्ली घेतली.

आम्ही दोघं भर दुपारी शेडमध्ये गेलो. पत्र्याची शेड, बाहेर लख्ख ऊन, आत तेलाचा वास, गाडी सकाळपासून जागची हललेली नव्हती. कुलूप काढून बॉनेट उघडलं. वायरची जागा मोकळीच होती, आणि बरणीत, भाऊजी, बुडबुडे येत होते. सावकाश, दमाने, मध्ये जरा थांबून. सौ. म्हणाली, उन्हाने पाणी तापलं असेल. मग इंजिनाला हात लावून पाहिला आणि हात मागे घेतला. इंजिन गार होतं. पत्र्याची शेड असून तिथे विहिरीत उतरल्यासारखं गार वाटत होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी हळूच विचारलं, "बाबा?" बुडबुडे थांबले. हाक ऐकून कुणी बोलता बोलता थांबावं तसे. मग ते पुन्हा सुरू झाले. मला भीती वाटली हे कबूल करतो, पण त्यांनी पुन्हा सुरू व्हावं म्हणून मी किती आसुसलो होतो हेही तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तेव्हा मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "बॉनेट लावा रे, त्यांना उजेडाचा त्रास होतो." ती तिथे केव्हापासून बसली होती, देव जाणे. चौकशी केली तर कळलं, ती रोज दुपारी जेवण झालं की तिथे जाऊन बसते. हल्ली ती दोन वेळा जेवते, गोळ्या न सांगता घेते, आणि संध्याकाळी मला सांगते की आज तू वळणावर घाई केलीस. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर माझ्याकडे अशी बघते की मीच मूर्ख.

असो. तात्पर्य, दाखला मिळणार नाही. तुमच्या किटाने पेट्रोलचा एक थेंब वाचत नाही. वाचतं ते पाय हलका ठेवल्याने, आणि त्यासाठी बरणी लागत नाही. भाऊजी, नोकरी सोडू नका. ताईला घाबरवू नका. तुम्ही माणूस लाखमोलाचे आहात, पण फसायला तयारच असता, म्हणून तोंडावर सांगतोय.

लहानांना आशीर्वाद, ताईला नमस्कार, गुडघ्याला तेल.

आपला आज्ञाधारक (एवढी एक आज्ञा सोडून),
मेहुणा

ता. क. निळा शर्ट आजच धुवायला टाका. खिसा न तपासता.

ता. क. २. सौ. विचारते, तुम्ही बरणीत काही पूड वगैरे टाकून आमची गंमत केली आहे का? केली असेल तर कृपया कबूल करा. कोणी रागावणार नाही. आम्हाला फार बरं वाटेल.

ता. क. ३. खरं म्हणजे हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते वर राहूनच गेलं. काल बरणीला तडा गेला. मी गाडीखाली पडून खालून फडकं बांधलंय, तरी पाणी झिरपतंय. आई म्हणते, त्यांना श्वास पुरत नाहीये. तेव्हा तशीच एक बरणी मिळेल त्या गाडीने पाठवा, किंवा तुम्हीच घेऊन या, पाणी भरायचा हात तुमचा आहे. वायर नको. आणि याला ऑर्डर समजून हुरळून जाऊ नका. तुमच्या किटाला आजवर एकच समाधानी गिऱ्हाईक मिळालंय, आणि ते बाबा आहेत. एवढ्यावर नोकरी सोडता येत नाही.