विहीणबाईंचा उन्हाळा

जुईनगर,
१२ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादांस,
उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सोसायटीला सगळं कळतं. म्हणून पत्र.

आपल्या ज्ञानेश्वरीने तिकडे इटलीतच लग्न ठरवलंय. मुलगा लोरेंझो. चांगला आहे, भात हाताने खातो. त्याच्या आईला, पाओलाबाईंना, घेऊन ज्ञानेश्वरी मे महिन्यात येतेय. त्यांना इंग्रजी येत नाही, मला इटालियन. पोरगी एवढ्या लांब द्यायची आणि विहिणीशी दोन शब्द बोलता येऊ नयेत? म्हणून मोबाइलवर शिकायला घेतलंय. सध्या उन्हाळ्याचा धडा चालू आहे. उन्हाळ्याला 'एस्ताते' म्हणतात. ह्यांनी स्पेलिंग वाचून विचारलं, कुणाची इस्टेट, किती गुंठे? कलिंगडाला म्हणे 'अंगुरिया'. वाशीच्या फळमार्केटात जन्म घालवलेला माणूस, त्या दिवशी जेवलाच नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, उन्हाने आटू देऊ नका.

आपली,
उज्वला

रहिमतपूर,
२१ एप्रिल

चि. सौ. उज्वलास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी लई हसली, मग पोरगी लांब जाणार म्हणून रडली. कलिंगडाला अंगूर म्हणणाऱ्यांत सोयरीक करतेस, तर द्राक्षं मागितल्यावर पुढ्यात काय येईल ते आधी विचारून घे. आणि जपून बोल. शाळेत हिंदीच्या पेपरात तू सशाला 'ससुर' लिहून आली होतीस.

सगळ्यांना आशीर्वाद. आठवण ठेव.

तुझा,
दादा

जुईनगर,
१९ मे

तीर्थस्वरूप दादांस,
सा. न. वि. वि.

पाओलाबाई येऊन गेल्या. भर दुपारी घामाघूम होऊन सोफ्यावर बसल्या आणि 'के काल्दो, के काल्दो' करू लागल्या. म्हणजे किती उकडतंय! मी स्वयंपाकघरात पन्हं करत होते. ह्यांनी ऐकलं 'कोल्ड'. एसी बंद केला, खिडक्या लावल्या आणि बाईंना घोंगडं पांघरलं. आपल्याकडची रीतच असेल असं समजून बिचाऱ्या गप्प बसल्या. मी आले तेव्हा टोमॅटोसारख्या लाल झालेल्या. मी घोंगडं ओढलं आणि मलाही उकडतंय हे सांगायला घाईघाईत 'सोनो काल्दा' म्हणाले. ज्ञानेश्वरीने उशीत तोंड खुपसलं. दादा, त्याचा अर्थ पत्रात लिहिण्यासारखा नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने विहिणीपुढे बोलायची गोष्ट नव्हे ती.

मला वाटलं, मोडलं लग्न. पण बाई पोट धरधरून हसल्या. मग उठून हात जोडले आणि लेकाकडून पाठ करून आणलेलं मराठी म्हणाल्या, की नमस्कार, मी हापूस आंबा आहे, मला कापा. हे तसेच पेटी आणायला धावले.

निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या धड्यात ऊन होतं, समुद्र होता, छत्री होती. माझ्या पोरीला सांभाळा, हे कुठेच नव्हतं. मी नुसतं ज्ञानेश्वरीकडे बोट केलं आणि रडायला लागले. त्या भरभर काहीतरी बोलल्या. एक शब्द कळला नाही, पण बोलता बोलता त्याही रडत होत्या. ज्ञानेश्वरी अर्थ सांगायला पुढे झाली. मी तिला गप्प बस म्हटलं.

लग्न डिसेंबरात. तुम्ही दोघं आधीच या. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
उज्वला