थोरलीचे चाळीस ठिपके

३ मार्च
आलो एकदाचा! अस्वलांच्या अभ्यास केंद्रात, चौसष्टाव्या वर्षी नवी नोकरी. जन्म रेडिओ दुरुस्तीत गेला, कॉम्प्युटर आपला आपण शिकलो. खोली छोटी पण उबदार, खिडकीतून टेकडी दिसते. अस्वलांच्या गळ्यातले पट्टे दर तीन तासांनी जागा कळवतात, नकाशावर ठिपका उमटतो. चुकीचे ठिपके मी धान्यातल्या खड्यांसारखे वेचून काढायचे. उरतील त्यांवरून अस्वलं कुठे राहतात ते ठरतं. केंद्रप्रमुख मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, काका, हात जरा चालवा, खाणमालक नकाशासाठी डोक्यावर बसलाय.

५ मार्च
थोरली नावाच्या अस्वलिणीचे चाळीस ठिपके टेकडीवर एकाच जागी. नियम असा, की पट्टा हलला नाही तर गळून पडला समजायचं. सगळे पुसले. नकाशा कसा लख्ख! केंद्राच्या रखवालदाराने हटकलं, अहो म्हातारबा, विणीचे दिवस आहेत, गुहेत बसली असेल, एकदा बघून तरी या. मी हसण्यावारी नेलं.

१२ मार्च
टेकडी रिकामी म्हणून खाणमालकाने सुरुंग लावले. ढिगाऱ्यात दोन मेलेली पिल्लं सापडली, मुठीएवढी. थोरली नाही, नुसता तिचा तुटका पट्टा. तो माझ्या खणात आहे. मॅडम म्हणाल्या, काका, नियम माझाच होता, जिवाला लावून घेऊ नका.

१५ मार्च
पट्ट्याची बॅटरी मी माझ्या हाताने काढली होती. तरी थोरलीचे ठिपके येताहेत. खाणमालकाच्या घरावर.

२० मार्च
चाळिसावा ठिपका पडला आणि भर दुपारी त्याचं घर बसलं. ढिगाऱ्याखालून त्याचं प्रेत काढलं. संध्याकाळी नवा ठिपका — मॅडमच्या घरावर.

२४ मार्च
एकोणतीस झाले. फोन केला, पाया पडतो, घर सोडा. म्हणाल्या, बिघाड असेल काका, पुसून टाका. पुसतो — पुन्हा उमटतात —

२५ मार्च
मॅडम गेल्या. छप्पर —

२६ मार्च
आता माझी खोली. पळालो. बसस्थानकावर फोनमध्ये पाहिलं, ठिपका तिथेच, माझ्यावर. बाकावर लेकरं खेळत होती — परत आलो.

३१ मार्च
एकोणचाळीस. लेकीला कळवलं, इकडे फिरकू नकोस. रखवालदाराला घरी पाठवला. भिंतीमागे कुणीतरी खरवडतंय —
थोरले, तुझी लेकरं माझ्या हातून गेली, मान्य. पुसलेले चाळीसच्या चाळीस ठिपके मी परत घातलेत. माझ्या जागी जो येईल त्याला सांगतो, बाबा रे, जागेवर जाऊन बघितल्याशिवाय एकही ठिप