आप्पांच्या पँटचा फ्रॉक

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
दीक्षाताईच्या सुजाताचा पहिला वाढदिवस सोळा तारखेला, कारेगावला. ताईला फोनवर सांगून टाकलं की बाजारातलं काही आणणार नाही, मी स्वतः फ्रॉक शिवणार. ताई हसली. म्हणाली, तू शीव, मी बाजारातला एक आणून ठेवते. तिचा माझ्यावर लहानपणापासून विश्वास नाही.

शिवण मला येतंच. शेजारच्या अकिला खाला मशीनवर बसतात तेव्हा मी वर्षानुवर्षं बघत आलेय. फक्त पाय मारायचा राहिलाय.

कल्पना अशी. आप्पा रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ओट्यावर बसून असतात. यार्डात भोंगा झाला की घड्याळ बघतात. हसणं बंद. त्यांच्याच युनिफॉर्मच्या निळ्या पँटचा फ्रॉक नातीच्या अंगावर दिसला, तर नक्की हसतील. धाकटा भाऊ महेंद्र मात्र रेल्वेत लागल्यामुळे खुशीत आहे. नव्या युनिफॉर्ममध्ये स्टुडिओत फोटो काढून परवा ट्रेनिंगला गेला. सतरा तारखेला ड्यूटीवर हजर व्हायचंय.

५ फेब्रुवारी
आप्पांकडे पँट मागितली. घरात पंचशील त्यांनीच शिकवलंय. न दिलेली वस्तू घ्यायची नाही म्हणजे नाही. म्हणून खात्रीसाठी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. चिडले. "अगं घे की! खुंटीवर आसल. आन् मला पेपर वाचू दे."

इतकी काळजी आमच्या कॉलनीत कुणी घेत नसेल.

७ फेब्रुवारी
पँट उसवली. थक्क झाले. इतकी वर्षं वापरून रंग कणभर उतरलेला नाही. याला म्हणतात निगा. मागच्या खिशात कंगवा सापडला. आप्पांना टक्कल पडून पंधरा वर्षं झाली. म्हणजे पँट त्याहून जुनी! कंबरही केवढीशी. तरुणपणी आप्पा शिडशिडीत असणार. कंगवा बघून त्यांना वाईट वाटेल म्हणून माझ्या पर्समध्ये ठेवला.

आई खुंटीकडे बघून पुटपुटत होती, महेंद्रनं नेली वाटतं. सरप्राइज आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

९ फेब्रुवारी
मापाची अडचण. सुजाता कारेगावात, मी दौंडात. पण आमची ज्वारीची पिशवी साधारण तिच्याएवढीच आहे. पिशवीवरच माप घेतलं. तोंड सुतळीनं आवळलंय, तिथं गळा धरला. डोकं चालवलं की सगळं जमतं.

१२ फेब्रुवारी
सुई तुटली. कापड जाड आहे, माझा दोष नाही.

दुसरी तुटली. खाला म्हणाल्या, "बेटा, मशीन मेरी अम्मी की है. जरा हळू." मी त्यांना धीर दिला, जुन्या मशीन मजबूत असतात.

तिसरी. बाह्या रद्द. तसाही उन्हाळा येतोच आहे.

१५ फेब्रुवारी
फ्रॉक तयार! फरशीवर ठेवला तर आपला आपण उभा राहतो. बाजारातला कुठला राहतो? आईनं हात लावून बघितला. "तरटाचा हाय का काय?" आईला नवीन काही लवकर पटत नाही.

१६ फेब्रुवारी, कारेगावहून आल्यावर
बुद्धवंदना झाली, केक झाला. महेंद्रही ट्रेनिंगवरून थेट तिथं आला. मग माझा फ्रॉक.

डोकं आत जाईना. ताईनं ओढलं, दाजींनी ओढलं. सुजाता कानाशी अडकली आणि तिनं आकांत मांडला. (पिशवीला डोकं नसतं, हे मला आधी कुणी सांगितलं नाही.) शेवटी फ्रॉक उलटा ओढून काढला आणि तिला गप्प करायला पर्समधला कंगवा हातात दिला. लगेच गप्प.

महेंद्र ओरडला, "ए, ह्यो माझा कंगवा! फोटो काढला तवा पँटच्या खिशात राहिलेला!"

सगळे कंगव्याकडे बघत होते. मी फ्रॉककडे. मग आईही फ्रॉककडे बघायला लागली.

"अगं बये! आप्पांची मी कवाच ट्रंकंत टाकली. घडी बसावी म्हणून खुंटीला ह्याची नवी टांगलेली!"

महेंद्र म्हणाला, "मग उद्या ड्यूटीला काय फ्रॉक घालून जाऊ?"

आणि आप्पा हसले. ठसका लागेपर्यंत हसले, डोळे पुसले, पुन्हा फ्रॉककडे बघून हसले. माझी योजना सफल झाली, एवढंच इथं नोंदवते. सुजाता दिवसभर बाजारातल्या फ्रॉकमध्ये होती. कंगवा मात्र तिनं सोडला नाही.

१७ फेब्रुवारी
महेंद्र आप्पांची पँट घालून पहिल्या ड्यूटीला गेला. मागं ठिगळ, कमरेला पट्ट्याखाली चुण्याच चुण्या. आप्पा गेटपर्यंत सोडायला गेले. वाटेत थांबवून त्याचा पट्टा नीट करत होते आणि सारखं काहीतरी समजावून सांगत होते. परत आले ते ओट्यावर बसलेच नाहीत. संध्याकाळचा डबा मीच नेतो म्हणाले.

पण न दिलेली वस्तू माझ्याकडून घेतली गेली. भरपाई व्हायलाच हवी. ठरवलं: फ्रॉक उसवून पुन्हा पँट शिवायची. कापड तर घरातच आहे.

लगेच खालांकडे गेले. दाराला आतून कडी. मशीनचा आवाज येत होता. मी हाक मारल्यावर थांबला. बहुधा ऐकू आलं नसावं.

उद्या लवकर जाईन.