तुझ्या ताईच्या हॉलमधली लाईट

डोंबिवली पश्चिम,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. गोविंदा यास तानाजीदाजीचे आशीर्वाद. (तू रागावलेला आहेस हे ठाऊक आहे, पण वयाने धाकटा असल्यामुळे आशीर्वाद नाकारायची सोय तुला नाही.) तुझा गुडघा कसा आहे? शकूचं पित्त? शहाडला पाणी वेळेवर येतं ना? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. आता पत्र कशाला, असं म्हणशील. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहितो, निळ्या खुणा होतात आणि पुढे काहीच होत नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात, त्यामुळे मला निदान आशा तरी राहते.

तर विषय लाईटचा आहे. गेल्या वर्षी आपल्या हॉलला पीओपीचं सिलिंग केलं, तेव्हा तू म्हणाला होतास की दाजी, सोळा दिवे लावा नाहीतर साठ लावा, पण वर हात घालायला एक झाकण ठेवा. आणि मी सुताराच्या देखत तुला म्हणालो की तुझं डोकं अजून लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्येच अडकलंय. (वाक्य मला तेव्हा फार चटकदार वाटलं होतं. आजही वाईट नाही, पण चुकीच्या माणसाला बोललो.) तीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला हे ऐकवलं. तू पक्कड पिशवीत टाकलीस, अर्धा चहा तसाच ठेवलास आणि निघून गेलास. त्यानंतरच्या भाऊबीजेला तुला नेमकं काम निघालं. तुझ्या ताईने ओवाळायचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला जेवण तरी गोड लागलं असतं.

असो. महिना झाला, संध्याकाळी हॉलचे दिवे लावले की दहा मिनिटांत मेन बोर्डावरचा ट्रिपर पडतो आणि अख्खं घर बंद. ज्याने काम केलं त्या प्रीतमला बोलावलं. दिवे स्प्रिंगचे आहेत, ओढले की हातात येतात, असं म्हणतात. आमचे येत नाहीत, कारण रंगवाल्याने त्यांच्या कडांवरून पुट्टी आणि रंग असा मायेने फिरवलाय की दिवा आणि छत एकजीव झालेत. तारांचे जोड त्याच्याही वर. प्रीतम म्हणाला, छत फोडावं लागेल. मी म्हणालो, आधी माझं डोकं फोड. मग ठरलं की वर न चढता खालूनच टेस्टिंग करायचं.

ते मी स्वतः केलं. (हसू नकोस.) पद्धत सोपी आहे. मेन बंद करायचा, पॅसेजमधल्या बोर्डातली एक तार सोडवायची, मेन चालू करायचा आणि हॉलमध्ये उभ्या असलेल्या तुझ्या ताईला ओरडून विचारायचं, गेली का? लाईट गेली, की ती तार कोणत्या दिव्यांची ते कळलं. पण तुमच्या घरची रीत तुला माहीत आहे. दिवेलागणीला दिव्याला 'गेला' म्हणायचं नाही. माणूस निघताना 'येतो' म्हणतो, तसंच दिव्याचंही. तेव्हा ती आतून म्हणे, येते म्हणाली. शेजारच्यांचा मिक्सर चालू, मला ऐकू येई फक्त 'येते'. म्हणजे लाईट येतेय, म्हणजे ही तार नव्हे. सोडवा पुढची. अशा सात तारा सोडवल्यावर मी वैतागून हॉलमध्ये गेलो, तर काळोखात ही शांतपणे उभी. म्हणाली, "सगळ्याच येते म्हणाल्या."

कुठली तार कुठली, हे शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. बेडरूमचा पंखा अजून पॅसेजच्या बटणावर चालतो, त्याची सवय झाली आहे. मग प्रीतम मेगर घेऊन आला. (तारेतून कुठे गळती होते का ते सांगणारा तो डबा, तुला मी काय सांगणार.) एरवी त्यासाठी दिवे काढून ठेवतात, नाहीतर दिवेच मरतात. इथे निघत नाहीत म्हणून त्याने दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि अर्थिंगशी मोजल्या. तारा ठणठणीत निघाल्या. प्रीतम माझ्याकडे संशयाने बघत गेला, आणि त्याच संध्याकाळी ट्रिपर पुन्हा पडला. नव्या पोरांचं हे काम नाही, याला जुना हात पाहिजे, एवढंच सांगायला हे पत्र.

शकूला विचारल्याचं सांग आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा (मानशील तर)
तानाजीदाजी

ता.क. येशील तो दिवस भाऊबीजेचाच धर. योगायोग समज. मेगर आणलास तर आण, ओवाळून घ्यायला तो लागत नाही. आणि सुताराच्या देखत बोललो ते माझं चुकलं, गोविंदा. सुतार गावी गेला आहे, नाहीतर त्याच्याच देखत माफी मागितली असती.

ता.क. दुसरा, बुधवार. पत्र पाकिटातच राहिलं होतं, ते बरं झालं. हे तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. सोमवारी संध्याकाळी मी पेपरच्या आडून पाहिलं. ती लाटणं घेऊन मेन बोर्डाखाली आली, टाचा उंचावल्या आणि ट्रिपरवरचं ते 'टी' लिहिलेलं बारकं बटण लाटण्याच्या टोकाने दाबलं. (ट्रिपर नीट पडतो का ते बघायचं बटण. महिन्यातून एकदा दाबत जा, असं तूच तिला शिकवलं होतंस म्हणे.) घरात काळोख झाला. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आता गोविंदालाच बोलवा." मी ट्रिपर वर केला आणि पेपर पुन्हा उघडला. काल तिची पाठ धरली म्हणून ती लवकर आडवी झाली आणि दिवे छान चालू राहिले. मला धसका बसला, लाईट सुधारली असं ठरवून तू यायचाच नाहीस. मग मीच उठलो आणि ते बटण दाबलं.